दोन आयईएमची तुलना कशी करायची? आधी कानात नीट बसवा, मग बोलू

पहिला महागडा आयईएम घेतला तेव्हा मी पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळा झालो होतो. जुना दीड हजारांचा, नवा अकरा हजारांचा. नवा कानात घातला, गाणं लावलं आणि बायकोला म्हणालो, "मधला पडदाच गेला गं!" हे वाक्यही माझं नव्हतं, कुठल्यातरी परीक्षणात वाचलेलं. तिनं दोन्ही आलटून पालटून ऐकले आणि म्हणाली, "नवा जरा मोठ्यानं वाजतोय. बाकी काय?" तेव्हा राग आला. काही महिन्यांनी एका मित्राकडच्या कपलरवर, म्हणजे कानाची नक्कल करणाऱ्या मोजणीच्या नळीवर, मोजून पाहिलं, तर फोनच्या त्याच व्हॉल्यूमवर नवा जुन्यापेक्षा जवळपास ४ डेसिबल मोठा निघाला. पातळी सारखी करून ऐकल्यावर फरक उरला, नाही असं नाही. पण साडेनऊ हजारांचा पडदा काही सापडला नाही.

आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर, कानाच्या भोकात घट्ट बसणारा इअरफोन. या छंदात नवे असाल तर एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपण ज्याला 'साउंड क्वालिटी' म्हणतो त्यात तीन गोष्टींची भेसळ असते: कानातली बैठक, आवाजाची पातळी आणि किंमत आधीच माहीत असणं. ही भेसळ जितकी काढाल तितका त्या वस्तूचा खरा आवाज ऐकू येईल. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट गाणी ऐकायला बसलात तर संध्याकाळ छान जाईल, पण तुलना होणार नाही.

काय काय लागेल

- तुलनेसाठी दोन आयईएम. एका वेळी दोनच. पाच समोर मांडून बसलात तर तिसऱ्यापाशी पहिला विसरलेला असतो.
- एक फोन किंवा लॅपटॉप आणि एक साधा यूएसबी डोंगल, म्हणजे त्यात खोचून इअरफोन लावायचा छोटा ॲम्प्लिफायर. दोन्ही आयईएमना तोच डोंगल वापरायचा.
- डेसिबलमध्ये आवाज कमी-जास्त करता येईल असं ॲप. विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे. अँड्रॉइडवर पॉवरॲम्पसारख्या प्लेयरमध्ये प्रीॲम्पची, म्हणजे एकूण पातळी वर-खाली करायची, सोय असते.
- पिंक नॉइजची फाइल आणि साइन स्वीपची (खालून वर सलग चढत जाणाऱ्या एकाच स्वराची) फाइल. दोन्ही नेटवर फुकट मिळतात.
- तीन-चार मापांच्या इअरटिप्स, सिलिकॉनच्या आणि फोमच्या.
- ओळखीच्या आवाजांची पाच-सहा रेकॉर्डिंग. यावर पुढे सविस्तर.
- वही आणि पेन. फोनमध्ये टिपायला गेलात की मेसेज दिसतात आणि कान उठून जातात.

वर म्हटलेली कपलरची नळी लागेलच असं नाही. ती असली तर उत्तम, पण नवख्यानं लगेच विकत घेऊ नये.

१. आधी कानातली बैठक

तंबोऱ्याची जवारी लावताना कधी पाहिली आहे? घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर सरकला की तोच तंबोरा बद्द वाजतो, नाहीतर खुलून बोलतो. भोपळा तोच, तारा त्याच. इअरटिपचं अगदी तसंच आहे. पन्नास रुपयांचा तो रबराचा तुकडा दहा हजारांच्या वस्तूचा आवाज ठरवतो.

टिप आणि कानाची भिंत यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज गळून जातो. कमी कंपनसंख्येच्या आवाजाला बंद पोकळीतला हवेचा दाब लागतो. फटीतून तो दाब निसटतो. मग माणूस म्हणतो, "या आयईएमला बेसच नाही." मी स्वतः एक आयईएम याच समजुतीत विकून टाकला. पुढे मित्राच्या कानात तोच ऐकला, एक माप मोठ्या टिपसह, आणि हळहळत बसलो.

बैठक तपासायची सोपी रीत अशी. ३० ते ६० हर्ट्झचा एकच स्वर हळू आवाजात लावा. आयईएम बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर आधी फट होती. माप बदला. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागू शकतं, माझ्या डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठं लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घालताना दुसऱ्या हातानं कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, म्हणजे वाट सरळ होते. वायर कानामागून जाणारी असेल तर ती आधी वळवून घ्या.

दुसरी गोष्ट खोलीची. आयईएम किती आत गेला आहे त्यावर वरच्या पट्टीतलं एक टोक, म्हणजे आवाजाचा उंचवटा, सरकतं. टिपचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यात जी छोटी पोकळी उरते, तिचा स्वतःचा घुमारा असतो, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास. आयईएम खोल गेला की पोकळी लहान होते आणि टोक वर जातं. उथळ बसला की खाली येतं आणि बोलणाऱ्याचे 'स' टोचायला लागतात. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीनं १९९१ साली आपला ईआर-४ काढला तेव्हापासून ते तीन पाकळ्यांच्या टिप खूप खोल घालायला सांगतात. ज्यांना ते सोसतं त्यांना तो आवाज पटतो. ज्यांना सोसत नाही ते अर्धवट घालून म्हणतात, पातळ वाजतो.

फोमच्या टिप्स वरचा आवाज थोडा मऊ करतात, रुंद भोकाच्या सिलिकॉन टिप्स तो बहुधा मोकळा सोडतात. म्हणून तुलनेत शक्य तर दोन्ही आयईएमना एकाच जातीच्या टिप्स लावा. नोझलची, म्हणजे टिप जिच्यावर चढते त्या नळीची, जाडी वेगळी असल्यानं ते नेहमी जमत नाही. नाही जमलं तर वहीत तसं लिहून ठेवा.

२. फोनमधला मसाला बंद करा

हे पटकन उरकतो, पण गाळू नका. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये डॉल्बी ॲटमॉस किंवा आवाज सजवणारं तत्सम काहीतरी आपोआप चालू असतं. विंडोजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' नावाचं एक खूण करायचं घर असतं. म्युझिक ॲपमध्ये कधीतरी हौसेनं लावलेला इक्वलायझर तसाच राहिलेला असतो. हे सगळं बंद करा. ब्लूटूथ टाळा. ब्लूटूथ वाईट असतं म्हणून नव्हे. दोन उपकरणं दोन वेगळ्या कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींवर) जोडली जातात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही, एवढंच.

एकच गाणं दोन वेगळ्या ॲपवर ऐकून आयईएमची तुलना करायची नाही. ॲपची पातळी वेगळी, कधी कधी रेकॉर्डिंगची आवृत्तीही वेगळी असते.

डोंगलबद्दल एक तांत्रिक बाब. ज्या आयईएममध्ये बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे दोन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असतात, त्यांचा विद्युतरोध प्रत्येक कंपनसंख्येला बदलतो. अशा आयईएमला जास्त आउटपुट रोध असलेल्या ॲम्प्लिफायरवर लावलं तर आवाजाचा तोलच, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीचं प्रमाण, बदलतो. ढोबळ नियम असा की, ॲम्प्लिफायरचा रोध आयईएमच्या रोधाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा. १६ ओहमच्या आयईएमला २ ओहमच्या आतला. चांगले डोंगल यात सहज बसतात. घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या हेडफोन भोकाचा मात्र भरवसा नको. एकाच डायनॅमिक (साध्या स्पीकरसारख्या) ड्रायव्हरच्या आयईएमना याचा फारसा फरक पडत नाही.

३. पातळी सारखी करा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचा फरक असेल तर तो मोठा आवाज म्हणून जाणवत नाही. तो 'जास्त स्पष्ट', 'जास्त भरीव', 'जास्त जिवंत' म्हणून जाणवतो. विक्रेत्यांना हे फार जुनं ठाऊक आहे. त्यामागचं एक कारण फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं होतं. आपल्या कानाला हळू आवाजात खर्ज आणि अतितार दोन्ही कमी ऐकू येतात. व्हॉल्यूम वाढवला की ते भरून येतात. म्हणजे जो आयईएम मोठा वाजतो त्याचा बेसही आपोआप जास्त वाटतो. त्यानं काहीच केलेलं नसतं.

डब्यावरचा आकडा बघून पातळी जुळवायला जाऊ नका. तिथं मोठा सापळा आहे. एक कंपनी संवेदनशीलता (ठराविक विजेवर किती मोठा वाजतो ते) 'डीबी प्रति मिलिवॉट' लिहिते, दुसरी 'डीबी प्रति व्होल्ट'. समजा एकावर १०६ लिहिलं आहे आणि दुसऱ्यावर १२१. वाटतं, दुसरा किती जोरात वाजणार! पण ३२ ओहमच्या आयईएमला मिलिवॉटवरून व्होल्टवर जाताना साधारण १५ डेसिबल मिळवावे लागतात. पहिला मिलिवॉटवाला आणि ३२ ओहमचा असेल, दुसरा व्होल्टवाला असेल, तर दोघे सारखेच. १६ ओहमला १५ ऐवजी १८ मिळवायचे.

दुसरा सापळा फोनच्या मायक्रोफोनचा. आयईएम फोनच्या माइकला टेकवून डेसिबल ॲपवर आकडा बघणारे मी पाहिलेत, मीही केलंय. मिलिमीटरभर हात हलला की आकडा बदलतो. उपयोग शून्य.

घरी कानानं जुळवायची रीत:

अ) पिंक नॉइज लावा. तो पावसाच्या सलग सरीसारखा 'शऽऽ' वाजतो. जमत असेल तर ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला वापरा, म्हणजे एकाचा जास्त बेस तुम्हाला फसवणार नाही.

आ) पहिला आयईएम आरामात ऐकू येईल एवढ्या पातळीवर ठेवा. फोनचं व्हॉल्यूम आता हलवायचं नाही. त्याच्या पायऱ्या फार मोठ्या असतात, एकेक पायरी दोन-तीन डेसिबलचीही असू शकते.

इ) दुसरा आयईएम घाला. तो मोठा वाटला तर ॲपच्या प्रीॲम्पमध्ये अर्ध्या-अर्ध्या डेसिबलनं खाली या, सारखा वाटेपर्यंत. आकडा लिहा.

ई) आता उलटं करा. मुद्दाम खूप खाली घेऊन हळूहळू वर या. सारखा वाटला की तोही आकडा लिहा. दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. वरून उतरताना माझा उणे ३ येतो, खालून चढताना उणे ४. मधला घ्यायचा, उणे साडेतीन.

उ) दोन आयईएमसाठी ॲपमध्ये दोन प्रीसेट, म्हणजे त्या-त्या आकड्याची सेटिंग, सेव्ह करा. नावं 'क' आणि 'ख' ठेवा, किंमत ठेवू नका.

यातून एखाद्या डेसिबलच्या आत येता. प्रयोगशाळेत याहून कितीतरी बारीक जुळवतात, पण आपल्या कामाला एवढं चालतं.

आणि पातळी कुठली ठेवायची? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. तुलना करताना माणूस नकळत वाढवत जातो. शेजारच्याचं बोलणं आयईएममधून ऐकूच येत नाही म्हणून आपण मोठ्यानं ऐकतोय असं नसतं, टिप्स बाहेरचा आवाज अडवतात. पण काढल्यावर कानात सूंऽ वाजत असेल तर आजची तुलना तिथंच थांबवा.

४. आवाज ओळखीचे निवडा

परीक्षणांत नेहमी तीच पाश्चात्त्य गाणी असतात. त्यात काही चूक नाही, पण ती वाद्यं तुम्ही समोर बसून ऐकली आहेत का? नसतील तर आयईएम खरं बोलतोय की खोटं, हे कळणार कशावरून? आपल्याकडे कानाला पाठ असलेले आवाज भरपूर आहेत. माझ्या यादीत हे असतात.

डग्गा. बैठकीतलं, कमी गर्दीचं रेकॉर्डिंग घ्या. 'घे' वाजवून मनगट पुढे सरकवलं की घुमारा वर चढतो. तो चढ स्वर म्हणून ऐकू आला पाहिजे, नुसता 'धप्' नव्हे. बेस फुगवलेल्या आयईएमवर सगळे 'घे' एकाच उंचीचे वाटतात. माझा मावसभाऊ तबला वाजवतो. माझा लाडका 'बेसवाला' आयईएम त्याच्या कानात घातला तर दहा सेकंदांत काढून म्हणाला, "अरे हे पिंप बडवतायत." तेव्हापासून तो माझा सगळ्यात स्वस्त कपलर आहे.

तंबोरा. पुरुषी तंबोऱ्याचा षड्ज काळी एकला, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झला लावला असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला येते. आणि जवारीमुळे वरचे स्वयंभू स्वर पार तार सप्तकाच्या पलीकडे जातात. म्हणजे एकाच वाद्यात तळापासून टोकापर्यंत सगळं. चांगल्या तोलाच्या आयईएमवर ही वरची झिलई तारेतूनच निघते असं वाटतं. वाईटावर खर्ज एकीकडे आणि वर वेगळंच काहीतरी माशीसारखं गुणगुणतं.

टाळ. वारकरी भजनाचं स्वच्छ रेकॉर्डिंग. टाळ वाजला की आघात आणि त्यामागची लांबत जाणारी झंकार, असे दोन भाग असतात. वरची पट्टी दबलेली असेल तर झंकार लवकर मरते, उचललेली असेल तर टाळाचा पत्रा होतो.

माणसाचा आवाज. इथं मी एक गोष्ट करून ठेवली आहे, तुम्हीही करा. आईला समोर बसवून वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायला लावला आणि दीड मिनिट रेकॉर्ड केलं. जरा बरा माइक मिळाला तर तो वापरा, नाहीतर फोन चालेल, कारण दोन्ही आयईएमवर फाइल तीच जाणार आहे. त्या आवाजाला मी चाळीस वर्षं ओळखतो. एका आयईएमवर आई सर्दी झाल्यासारखी वाटली. दुसऱ्यावर 'सहा', 'शिवाजी', 'छत्री' हे शब्द शिट्टी वाजवत आले. ही शिट्टी साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमधल्या उंचवट्यामुळे येते, आणि हीच पुढे तासाभरानं डोकं दुखवते. तिसऱ्यावर ती फक्त आई होती. हा तिसरा बाराशे रुपयांचा होता, हे जाता जाता.

काय टाळायचं: गणपतीत फोनवर घेतलेलं ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग. मजा येते, पण फोनचा माइक तिथं आधीच गुदमरलेला असतो, आयईएमचा काय दोष. जुन्या तबकड्यांवरची नाट्यपदं मधल्या पट्टीसाठी आणि गळ्यासाठी उत्तम. वरचं टोक त्यात मुळातच नाही, म्हणून ट्रेबलचा निकाल त्यावर देऊ नका.

५. अदलाबदल झटपट करा

आवाजाची बारकाईनं आठवण फार थोडा वेळ टिकते, काही सेकंदच म्हणा. 'काल ऐकलेला तो जास्त गोड होता' हे वाक्य म्हणजे आठवणीची आठवण. म्हणून १० ते १५ सेकंदांचा एकच तुकडा घ्या, तोच परत परत. क, ख, क, ख. आयईएम बदलताना प्रीसेटही बदला. हे दर तिसऱ्या वेळी माझं राहून जातं, म्हणून आता बोट प्रीसेटवर ठेवूनच आयईएम काढतो.

प्रत्येक वेळी बैठक जमली का ते पहा. क दहा सेकंदांत बसला आणि ख घाईत तिरका बसला, तर तुम्ही बैठकीची तुलना करताय.

एका कानात क आणि दुसऱ्यात ख घालून ऐकण्याची युक्ती काही जण सांगतात. पटापट कळतं खरं, पण दोन्ही कान सारखे नसतात आणि स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये डावी-उजवी बाजू वेगळी असते. करायचंच असेल तर मोनो फाइल वापरा, आणि मग कान बदलून पुन्हा करा.

या झटपट पद्धतीची एक मर्यादाही आहे. दहा सेकंदांत चमकदार आयईएम नेहमी जिंकतो. म्हणून शेवटी एकेक आयईएम सलग तीन-चार दिवस वापरा. रोज लोकलमध्ये किंवा बसमध्ये जात असाल तर तिथं ऐका, रात्री शांततेत ऐका. चौथ्या दिवशी दुसऱ्यावर या. पहिल्या पाच मिनिटांत काय खटकतं तेवढंच लिहा.

'बर्न-इन'बद्दल विचारणारच तुम्ही. शंभर तास वाजवल्यावर आयईएम खुलतो म्हणतात. माझं मत: खुलतो तो बहुतेक आपला मेंदू. तो नव्या तोलाला सरावतो. पटत नसेल तर त्याच मॉडेलचा एक वाजवलेला आणि एक कोरा नग शेजारी ठेवून ऐका.

६. वहीत साधे शब्द लिहा

'होलोग्राफिक', 'एअरी', 'ॲनालॉग वॉर्म्थ' असलं लिहाल तर दोन महिन्यांनी तुम्हालाच अर्थ लागणार नाही. मी असं लिहितो: 'डग्ग्याचा चढ स्पष्ट', 'आई किंचित लांब', 'टाळ टोचतात पण ताना सुट्या', 'पाऊण तासानं काढावासा वाटला'. सोबत टिपचं माप, प्रीसेटचा आकडा आणि वेळ. थकलेल्या रात्री सगळंच कर्कश वाटतं, हे वेळेच्या रकान्यावरूनच माझ्या लक्षात आलं.

७. आलेख आता पहा, आधी नाही

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज मिळतो त्याची रेघ. स्क्विगलिंक या संकेतस्थळावर हजारो आयईएमच्या अशा रेघा एकमेकांवर ठेवून बघता येतात. फार उपयोगी गोष्ट. पण आधी पाहिलात तर कान डोळ्यांचं ऐकतात. आपलं ऐकून झाल्यावर, वही भरल्यावर पहा, आणि कुठे जुळतं ते शोधा.

वाचताना तीन गोष्टी लक्षात असू द्या. पहिली, ३ किलोहर्ट्झच्या आसपास डोंगर दिसेल. तो दोष नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची असते आणि उघड्या कानात ती स्वतःच तिथला आवाज वाढवते. आयईएम त्या नळीचं तोंड बुजवतो, मग आयईएम बनवणाऱ्याला ती वाढ आवाजात परत घालावी लागते. हा डोंगर फार खुजा असेल तर गायक मागच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो.

दुसरी, ८ किलोहर्ट्झजवळचं टोक बरेचदा कपलरचं असतं, तुमच्या कानातलं नव्हे. आणि १० किलोहर्ट्झच्या वर त्या रेघेवर फार विश्वास ठेवू नका. तुमच्या कानातलं टोक शोधायला साइन स्वीप वापरा. हळू आवाजात ४ ते १२ किलोहर्ट्झ चढवत न्या, जिथं एकदम टोचेल तो आकडा लिहा. वयाबरोबर वरचं ऐकू येणं कमी होतं, म्हणून तुमची आणि कॉलेजमधल्या भाच्याची मतं टाळांबद्दल जुळली नाहीत तर भांडू नका.

तिसरी, हार्मन टार्गेट. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत अनेक लोकांना वेगवेगळे तोल ऐकवून सरासरी पसंतीची एक रेघ काढली. कानातल्या इअरफोनसाठीची त्यांची २०१९ सालची रेघ खूप वापरली जाते. ती सरासरी आहे, कायदा नव्हे. माझ्या कानाला तिचा खर्ज गाण्याच्या बैठकीसाठी जड होतो, सिनेसंगीताला मात्र छान.

८. डोळे बांधून

दोन आयईएमची खरीखुरी अंध चाचणी घरी जवळजवळ अशक्य आहे. कानात घातल्या घातल्या आकारावरून कळतं कोणता आहे. तरी बायको-भावाकडून डबे लपवून, किंमत न सांगता, नव्या माणसाला ऐकवता येतं. ज्याला किंमत माहीत नाही त्याचं मत ऐकताना पोटात गोळा येतो, पण ऐकाच.

जिथं अंध चाचणी सहज जमते तिथं मात्र ती केल्याशिवाय पैसे घालवू नका: फाइलचे प्रकार, डोंगल आणि केबल. फूबार२००० या मोफत प्लेयरला एबीएक्सचा जोड मिळतो. तो दोन फाइल्सची गुपचूप अदलाबदल करतो आणि तुम्ही ओळखायचं. दहापैकी ९ किंवा जास्त बरोबर आले तर ते नशिबानं होण्याची शक्यता शंभरात साधारण एक. ७ बरोबर आले म्हणून नाचू नका, नुसतं नाणं उडवलं तरी ७ किंवा जास्त येण्याची शक्यता १७ टक्के असते. ३२० केबीपीएसची एमपी३ आणि फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी, मोठी फाइल) यांत माझे दहापैकी ६ आले. त्यानंतर फोनमधली बरीच जागा रिकामी झाली.

केबलसाठी तोच आयईएम, दोन केबल आणि एक शांत मित्र लागतो. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसा, तो प्रत्येक वेळी केबल काढल्यासारखं करेल, कधी बदलेल, कधी तीच लावेल. लावताना पिना वाकडं बळ लावून खुपसू नका. त्या पाऊण मिलिमीटरच्या पिना वाकल्या की चाचणी कायमची संपते.

९. दुकानात किंवा मित्राकडे ऐकायला जाताना

स्वतःच्या टिप्स, स्वतःचा डोंगल आणि स्वतःची गाणी घेऊन जा. संदर्भ म्हणून घरचा आयईएमही न्या. एका दुकानात मला डेमोचा नग न पुसता पुढे केला गेला होता, तेव्हापासून खिशात स्पिरिटचे रुमाल असतात. टिप काढून पुसा, नोझलच्या जाळीवर मात्र थेट पातळ काही लावू नका, ते आत झिरपतं.

विकत घेण्याआधी परतीचा नियम विचारा. कानात घालायची वस्तू उघडल्यावर बरीच दुकानं परत घेत नाहीत.

आणि तुलना चालू असताना एक बाजू अचानक बारीक वाटायला लागली तर लगेच आयईएमला नावं ठेवू नका. केबल सुटी होणारी असेल तर डावी बाजू उजव्या कवचाला लावा. बारीकपणा केबलबरोबर गेला तर केबल किंवा डोंगल दोषी. कवचाबरोबर राहिला तर मोबाइलचा टॉर्च लावून जाळीत बघा, दहापैकी आठ वेळा तिथं मळ अडकलेला असतो. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. जाळी स्वच्छ असूनही फरक तसाच राहिला तर तेच कवच उलटं करून क्षणभर दुसऱ्या कानाशी धरा. तिथं नीट ऐकू आलं तर आयईएम ठणठणीत आहे आणि मळ तुमच्या कानात आहे. काडी घालू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा.